महाग वेळेतली ट्यूब

मी, खाली सही करणारा, वय शहात्तर, धंदा शिंपीकाम (आता बंद), हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर दातांचे आहेत, पण खालच्याच मजल्यावर राहत असल्याने मला तेच जास्त ओळखतात.

कलम १. राहती जागा, दोन खोल्या, पत्नीच्या नावे. अकरा वर्षांपूर्वी वीज कंपनीचं पत्र आलं, की रात्री अकरा ते पहाटे पाच वीज स्वस्त, संध्याकाळी सात ते अकरा सगळ्यात महाग. त्या दिवसापासून या घरात धुणं, इस्त्री, मिक्सर, शिवण आणि जेवण, सगळं मध्यरात्री होऊ लागलं. पत्नी म्हणाली, "अहो, आपण माणसं आहोत की वटवाघळं?" मी म्हणालो, "आधी बिल बघ, मग बोल." बिल बघून तिने रात्री बाराला मिक्सर लावला.

कलम २. शिलाई मशीन, मोटरसह, वरील डॉक्टरांना. एकदा रात्री दोन वाजता ते तणतणत वर आले होते. "काय चाललंय हे? सकाळी मला लोकांच्या दाढा काढायच्यात!" पत्नीने त्यांना पान वाढलं. ते पोटभर जेवले आणि चौथ्या दिवशी स्वतःचं धुणं घेऊन हजर झाले. पुढे दवाखानाही रात्रीचा केला. दाढ रात्रीच ठणकते, त्यामुळे तो जोरात चालला. वर्षभरात सगळी इमारत रात्रीची झाली. सोसायटीची सभा पहाटे तीनला भरली आणि गणपूर्ती पहिल्यांदाच झाली. डॉक्टरांना शिवता येत नाही, पण मशीनचा आवाज थांबल्यापासून त्यांना झोप लागत नाही.

कलम ३. मेव्हण्याला काहीही देऊ नये. भर दुपारी आम्ही गाढ झोपलेलो पाहून, आम्ही गेलो असं समजून त्याने बावीस नातेवाईक गोळा केले. उठून सगळ्यांना चहा मलाच करावा लागला. माझी छत्री त्याच्याकडे आहे, ती परत घ्यावी.

कलम ४. गेल्या वर्षी कंपनीचं दुसरं पत्र आलं. आता सौर वीज मुबलक, म्हणून स्वस्त वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. महाग वेळ तीच. इमारतीने साफ नकार दिला. रात्र सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. मी मात्र तत्त्वाचा माणूस, मी दिवसाचा झालो. पत्नी म्हणाली, "मी एकदा उलटी झाले. आता पुन्हा सुलटी होणार नाही." अकराला मी डोक्यावरून पांघरूण ओढून निजतो, पहाटे ती निजते, मग मी उठतो. दोघं जागे असतो ते फक्त सात ते अकरा. ती वेळ महाग, म्हणून दिवे बंद. वर्षभर आम्ही अंधारातच संसार केला.

कलम ५. दुकान बंद झाल्यावर घरी आणलेला कपडे बेतायचा पुतळा मोडीत काढावा. कोणत्याही परिस्थितीत तो पत्नीच्या ताब्यात राहू नये. गेल्या आठवड्यात संध्याकाळी आठच्या सुमारास मी तिच्या शेजारून पाणी प्यायला उठलो होतो. परत येतो तो ही अंधारात माझ्या खुर्चीशेजारच्या त्या पुतळ्याशी बोलत होती. "तुमच्याशिवाय मला करमत नाही हो. एवढंच सांगायचं रोज राहून जातं." मी पेला घेऊन दारातच उभा राहिलो. पन्नास वर्षांत मला ती असं कधी बोलली नव्हती, आणि त्याला बोलली.

कलम ६. वीजबिलातून वाचवलेली सर्व रक्कम, जी पोस्टात आहे, पत्नीने रोज संध्याकाळी सात ते अकरा या वेळेत दिवे लावण्यात खर्च करावी. मी जिवंत असेपर्यंत हे काम मी स्वतः करीन. सुरुवात आजपासून. हे लिहिताना दोन्ही ट्यूब चालू आहेत. पत्नी समोर बसून मघापासून मला निरखते आहे.

"अहो," ती आत्ताच म्हणाली, "मिशी कधी काढलीत?"

"आठ महिने झाले."

"बरे दिसता," ती म्हणाली, आणि तिने पंखाही लावला.

सही: (शिंपी)
साक्षीदार: १. इमारतीचा रखवालदार, माझ्याखेरीज रात्री झोपणारा एकमेव रहिवासी. २. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका.
ठिकाण: राहतं घर, बाहेरची खोली
दिनांक: १७ फेब्रुवारी, सायंकाळी ७ वाजून ४० मिनिटं, पूर्ण दराने