रानाचा अळणी वाटा

१२ नोव्हेंबर
आलो एकदाचा! पाटणच्या वर, डोंगरात, वीरधवल पाटलांचं पर्यटन निवास. कराडच्या हॉटेलात पनीर परतून जीव विटला होता. इथं चूल, लाकडं आणि खाली कोयनेचं पाणी. बायको रेश्मा म्हणाली, महिन्यात पळून याल. बघूच. लेकीनं, शिवांजलीनं, बिबट्या दिसला की फोन करा म्हणून बजावलंय.

१४ नोव्हेंबर
इथली खासियत म्हणजे धुरावलेलं रानडुकराचं मटण. शिकार कोण करतं ते मी विचारत नाही. पोटावर पाय कोण आणून घेईल? इथला जुना गडी आकाराम चुलीवरच्या बांबूच्या मांडवावर पट्ट्या टांगतो, खाली ओलं लाकूड धुमसत ठेवतो. तिरफळ, ओव्याची पानं, रानतुळस आणि जाडं मीठ पाट्यावर वाटून तो लेप चोळायचं काम माझं. काय वास सुटतो! एक पट्टी मात्र तो कोरी ठेवतो, कड्यावरच्या दगडावर ठेवायला. म्हणाला, "ही रानाची. हिला मीठ लावू नगंस, गड्या. त्येला चव लागली तर लय वंगाळ."

१५ नोव्हेंबर
काल संध्याकाळी म्हातारा बाहेर गेल्यावर तीही पट्टी चोळली. माझ्या हातून अळणी जिन्नस जाईल? सकाळी दगड चाटूनपुसून लख्ख. रानालाही माझा हात आवडला म्हणायचा.

१७ नोव्हेंबर
आज कोरी पट्टी दगडावर तशीच. मुंगीसुद्धा नाही. आकारामनं दगडावर बोट फिरवून जिभेला लावलं आणि मटकन खाली बसला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला की आता ते अळणी खाणार नाही. लेपाचा हात ज्याला ज्याला लागेल, त्याच्यामागे येईल.
मी ज्याला रोज कुरवाळायचो तो कुत्रा दुपारी मांडवावर सापडला. सोललेला. अंगभर लेप. पानं वाटलेली नव्हती. चावलेली होती.

१८ नोव्हेंबर
काल आकारामला मीच हात धरून उठवलं होतं. आज तो नाही. मांडवाकडे मी बघितलं नाही. पाटलांनी बघितलं आणि गाडी काढून निघून गेले. मला सोबत घ्या म्हणून ओरडलो, थांबले नाहीत.

१९ नोव्हेंबर
कराड. घरी. राखेनं हात घासले, कातडी निघाली, वास जात नाही. रेश्माला लांब राहा म्हणालो. शिवांजली पाठीमागून आली, मला कळायच्या आत तिनं माझा हात धरला—

२० नोव्हेंबर
जाग आली तर छातीवर ओला पाला. चावलेला. ते घरात येऊन गेलं.
परत वर जातोय. चूक माझी आहे, मला घेऊन त्याचं पोट भरू दे. पोरीला उठवलं नाही. उठवलं असतं तर पाय निघाला नसता.

२१ नोव्हेंबर
दगडावर बसलोय. अंगाला लेप चोळलाय. ये म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. ऊन उतरलं तरी काही नाही. झाडी हलत नाही. का येत नाही—

रेश्माचा फोन. पोरीच्या केसांत कसलासा पाला निघाला म्हणे. ओव्याचा वास. तिला घेऊन पळ म्हणालो, कुठंही, आत्ता—

फोन सुरू आहे. रेश्मा बोलत नाही. पलीकडे, दाराजवळ, कुणीतरी सावकाश पानं चावतंय—

पावलं वाजतायत, शिवांजली दाराकडे पळतेय. हसतेय. पप्पांचा वास आला, पप्पा आले, म्हणतेय— मी ओरडतोय, तिला ऐकू—