तेहेतीस अनारसे आणि बिनदाराची गाडी

राहाता,
ता. १० जून

ती. दादा,

तुला आणि वहिनींना वाकून नमस्कार. (खरे म्हणजे सध्या मला वाकता येत नाही. कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईल, आणि त्यात तुझ्या मुलाचा हात आहे.) तुझी शुगर आटोक्यात असेल आणि नातवाच्या पेढ्यांवर तू डोळा ठेवला नसशील असे धरून चालते. मोनिका आणि बाळ सुखरूप घरी आली हे ऐकून जीव भांड्यात पडला. बाळ आजोबांवर गेले आहे असे वहिनी म्हणाल्या. मोठे झाल्यावर सुधारेल. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुमचे सगळे घर तो ऐकते. हे पत्र एकट्याने वाच आणि शेवटपर्यंत वाच. अर्धे वाचून चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवायची तुझी सवय मला माहीत आहे.

विषय करणच्या गाडीचा आहे. एप्रिलमध्ये तो ती घेऊन आला, "आत्या, दोन महिने अदलाबदल करू" म्हणाला आणि माझी बारा वर्षांची, चार दारांची, धडधाकट गाडी घेऊन पुण्याला गेला. कारण काय, तर मोनिकाचे दिवस भरत आले होते, आणि त्याच्या गाडीत तिला बसता येत होते पण उठता येत नव्हते. आता तूच न्याय कर. हाच मुलगा दिवाळीत माझ्या ओसरीवर चिवड्याची वाटी धरून दीड तास मला पटवत होता की ही गाडी रोजच्या वापराची आहे, ऑफिसला नेता येते, भाजीला नेता येते, लोक उगाच घाबरतात. आणि आयुष्यात पहिला खरा 'रोज' उजाडला, बायकोला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हा ती गाडी त्याने माझ्या पेरूच्या क्रेटांच्या शेडमध्ये आणून लावली. यावर मी आणखी काही लिहिले नाही तरी चालेल, पण लिहिणार आहे.

या गाडीत काय आहे ते सांगणे सोपे, कारण चाके, इंजिन, दोन खुर्च्या आणि हातभर काच, एवढेच आहे. छत नाही, दारे नाहीत, एसी नाही, डिकी नाही, जादा चाक नाही. तळाला गालिचा नाही, उघडा पत्रा आहे, आणि मे महिन्यात त्या पत्र्यावर भाकरी फुगेल. मी विचारले, हे सगळे गेले कुठे. करण म्हणाला, काढले. वजन कमी व्हावे म्हणून मुद्दाम काढले. (गाडीसोबतचे माहितीपुस्तकसुद्धा तो घरी ठेवून आला होता.) वजन काढले की वेग येतो, वळण घेता येते, आणि म्हणे रस्ता जाणवतो. दादा, मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आहे. वस्तुमान आणि वेग यांचा संबंध तुझ्या मुलाने मला शिकवू नये. आणि रस्ता जाणवण्याविषयी म्हणशील तर आपल्या जिल्ह्यातला रस्ता जाणवू नये म्हणूनच माणसाने गाडी घ्यायची असते. तू फोनवर त्याची बाजू घेऊन म्हणालास की आपल्या आप्पांच्या जीपलाही दारे नव्हती. नव्हती, कारण त्या जीपमध्ये अकरा माणसे आणि एक शेळी बसायची आणि दार लावायला जागाच उरायची नाही. ही गाडी दोन माणसांत भरते, आणि तीही एकमेकांवर न रागावलेली असावी लागतात.

आमचे गनीभाई मेकॅनिक तुला आठवत असतील. चाळीस वर्षे त्यांनी या तालुक्यातल्या गाड्या खालून पाहिल्या आहेत. त्यांना बोलावले, तर त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, गुडघ्यावर बसून आत डोकावले आणि अगदी गंभीरपणे विचारले, "ताई, बाकीची गाडी कधी येनार हाय?" हीच पूर्ण आहे म्हटल्यावर त्यांनी आणखी एक फेरी मारली. मग म्हणाले, "एक बरंय. बिघडायला काही ठेवलंच न्हाई." ब्रेक मात्र त्यांनी चांगले असल्याचे सांगितले. तेवढे मीही मान्य करते. सांगितलेल्या जागी थांबते. खरे ते खरे.

तरीही मी तिला हात लावला नसता. पण हा धोंड्याचा महिना. तुला ठाऊक आहे, स्नेहलच्या सासूबाई, म्हणजे आमच्या नेवाशाच्या विहीणबाई लंकाबाई, यांनी तीन वर्षांपूर्वीच्या धोंड्याला चार बायकांसमोर माझा अनारसा तोडायचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, "छान झालेत हो. पण यांच्याबरोबर दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी द्यायची." तीन वर्षे मी ते वाक्य घेऊन जगते आहे. या वेळी जावयाचे वाण असे न्यायचे की बाईंना शब्द सापडू नये, हे मी तेव्हाच ठरवले होते. तांदूळ तीन दिवस भिजवले, पीठ दोनदा चाळले, गूळ मी स्वतः किसला, आणि तळायला राहीबाई बसली. (राहीबाई तीस वर्षे माझ्याकडे कामाला आहे आणि माझ्या प्रत्येक निर्णयावर तिचे मत असते.) तेहेतीस अनारसे असे उतरले की फुंकर मारली तर ताटात सरकतील. मला रडू यायचे बाकी होते.

आमचे जावई सुनील यांचे बियाण्यांचे दुकान, दिवस पेरणीचे, त्यांना इकडे येणे शक्य नव्हते. म्हणजे वाण घेऊन मीच जायचे. एसटीत तांब्याचे ताट घेऊन उभे राहणे मला जमणार नाही, आणि भाड्याची गाडी केली असती तर विहीणबाईंनी दारातच विचारले असते, तुमची गाडी विकली वाटते. राहीबाई म्हणाली, "आन् ह्या डबड्यात गेल्यावर काय इचारतील?" मी तिला गप्प बस म्हटले. शांतपणे विचार केला असता तर तिचे बरोबर होते.

रविवारी सकाळी निघालो. या गाडीत बसायचे म्हणजे आधी एक पाय आत टाकायचा, मग लाज बाहेर ठेवायची, आणि मग बाकीचे अंग खाली सोडायचे. करणचे हेल्मेट मी राहीबाईला दिले. तिच्या मांडीवर ताट, ताटावर जरीचा रुमाल, पदराचे टोक दातात. बाभळेश्वरच्या अलीकडे एका वस्तीपुढे लोकांनी स्वतःच मुरूम-सिमेंटचा गतिरोधक घातला आहे, म्हशीच्या पाठीएवढा. पुढची चाके पलीकडे उतरली, मागची अलीकडेच राहिली, आणि गाडी मधल्या पोटावर टेकून तराजूसारखी डुलू लागली. मी पुढे वाकले की पुढे, राहीबाईने सुस्कारा टाकला की मागे. पाठीमागे कांद्याची ट्रॉली होती. तिचा गहिनीनाथ नावाचा ट्रॅक्टरवाला आणि ट्रॉलीवरचे तिघे उतरले. मी उतरायची तयारी करू लागले तर तो म्हणाला, "मावशी, बसा तशाच. तुमी उतरंपर्यंत आमचा कांदा कुजंल." चौघांनी आम्हा दोघींसकट गाडी उचलली आणि पलीकडे ठेवली. "गाडी हाय का पाळना?" असे त्याने दुसऱ्याला विचारलेले मी ऐकले. ताटाकडे बघून मात्र म्हणाला, "धोंड्याचं वान हाय व्हय? मंग सरळ धरा, आजी." वजन कमी असल्याचा हा एक फायदा मी मोकळ्या मनाने नोंदवते, की अडकली तर उचलता येते. पण माझी गाडी तिथून हजार वेळा गेली आहे आणि एकदाही अडकलेली नाही.

श्रीरामपूर सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. उशीर झाला होता, म्हणून मी पाय जरा दाबला. वेग साठ होता. (राहीबाई नव्वद म्हणते, पण तिचे डोळे मिटलेले होते.) आधी जरीचा रुमाल गेला. मग एक अनारसा उभा राहिला, दादा, माझ्या डोळ्यांदेखत उभा राहिला आणि गेला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. राहीबाईने दोन्ही हातांनी ताट झाकले तर दातातला पदर सुटून तोंडावर आला आणि ती आतून ओरडली, "बाई, लाज राखू का अनारसे राखू, येक काय ते सांगा." मी ब्रेक दाबला. मागून एक मोटारसायकलवाला येऊन थांबला, शर्टावरची खसखस झटकली आणि खिशातून एक अनारसा काढून म्हणाला, "काकू, हा तुमचाच ना? छातीवर येऊन बसला." मोजले तेव्हा ताटात अठरा उरले होते. परत आलेला मी त्यात ठेवू लागले तर राहीबाईने अडवले. "त्यो गाव फिरून आला. वानात चालत न्हाई." तो तिने तिथेच खाल्ला.

आता यातला अन्याय बघ. तीन वर्षांपूर्वीचे माझे अनारसे वादळातही ताटातून हलले नसते. या वर्षी मी जीव ओतून हलके केले, आणि तुझ्या मुलाने जीव ओतून हलकी केलेल्या गाडीने ते उडवले. हलके काय करावे याची अक्कल हवी. अनारसा हलका हवा, गाडी जड हवी.

नेवाशाला विहीणबाई दारातच उभ्या होत्या. मला उतरवायला एका हाताला स्नेहल, दुसऱ्या हाताला जावईबापू लागले, आणि तेव्हाच कंबरेत ती कळ आली. डोक्याचे म्हणशील तर केस कणसाच्या तुऱ्यासारखे उभे. लंकाबाईंनी ताटाकडे पाहिले. ओठ न हलवता मोजले. "अठराच का हो?" काहीतरी शास्त्र सांगून वेळ मारून न्यावी असे मनात आले होते, पण तेवढे खोटे मला जमत नाही. "उडाले," मी म्हटले.   बाईंनी एक अनारसा उचलला, दोन बोटांनी मोडला, अर्धा तोंडात टाकला, आणि थांबल्या. मग उरलेला अर्धा टाकला. मग म्हणाल्या, "उडायचेच. किती हलके झालेत." दादा, मला तुळशीकडे तोंड करून उभे राहावे लागले.

नंतर त्या गाडीभोवती फिरल्या. हिला दारे कुठे आहेत म्हणाल्या. नाहीत म्हटले. मग बसायचे कसे, तेही दाखवले. वाण कमी पडलेले, तेव्हा मान ठेवायला म्हणून त्यांना नेवासा फाट्यापर्यंत एक चक्कर मारून आणले. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

तर करणला माझ्या वतीने स्पष्ट सांग की ही गाडी रोजच्या माणसाच्या कामाची नाही. जिच्यात गरोदर बाई बसत नाही, पेरूचा एक क्रेट मावत नाही, पाऊस आला तर जी भरते आणि गतिरोधक आला तर जी डुलते, तिला गाडी म्हणायचे असेल तर परातीलाही म्हणावे. शिकल्या-सवरलेल्या मुलाने असला हट्ट करावा आणि बापाने त्याला जीपचे दाखले द्यावेत, याचे मला वाईट वाटते.

वहिनींना गुडघ्याला तेल लावत जा म्हणावे. बाळाला आत्याआजीचा आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण,
प्रमिला

ता. क. नेवासा फाट्याच्या पुढे वाहतूक पोलिसांची कॅमेऱ्याची गाडी उभी असते. हे मला तिच्यापुढून गेल्यावर कळले. गाडी करणच्या नावावर, त्यामुळे चलनाचा मेसेज त्याच्या मोबाईलवर आला असणार. गाडीचा नंबर टाकून मी ते चलन ऑनलाइन बघितले आणि दंड कालच भरला आहे. त्याचा फोन हल्ली बाळाचे फोटो बघायला तुझ्याच हातात असतो असे वहिनी म्हणाल्या, तेव्हा तो मेसेज उघडून पुसून टाक. करणने तो घरच्या ग्रुपवर टाकता कामा नये, कारण स्नेहल आणि जावईबापूंना मी चाळीसच्या वर गेले नाही असे सांगितले आहे आणि त्यावर एकशे चार लिहिले आहे. सोबत फोटोही आहे. माझे दोन्ही हात स्टीअरिंगवर आहेत, हे नीट बघ. विहीणबाईंचे दोन्ही हात वर आहेत. आम्ही दोघी हसतो आहोत असे वाटते, पण वाऱ्याने तोंड तसे होते.

ता. क. २. माझी गाडी परत पाठवायची घाई करू नका. घरात तान्हे बाळ, दवाखाना, लसी, चार दारे लागतातच. दिवाळीपर्यंत राहू दे. अधिक महिना सोमवारी संपतो, त्याच्या आत राहिलेले पंधरा अनारसे नेवाशाला पोचवायचे आहेत. या वेळी झाकणाचा स्टीलचा डबा घेतला आहे. राहीबाई हेल्मेट आत्तापासून घालून बसली आहे.

ता. क. ३. फोटो पुसण्याआधी त्याची एक मोठी प्रत काढून पाठव. विहीणबाईंना फ्रेम करायची आहे.