भोंग्याचा गोळा

रत्नागिरी, कार्तिक वद्य पंचमी

काल हे शेटजींची मोटार घेऊन मिरजोळ्याला निघाले आणि वळणावर एक म्हातारा गाडीखाली आला. अजून शुद्धीवर नाही म्हणतात. जगेल ना?

आज पंचनाम्याची नक्कल मिळाली. ह्यांना मोडी येत नाही, मीच वाचून दाखवली. त्यात लिहिलंय, "भोंग्यास रबरी गोळा नाही."

हे म्हणाले, "धडकेत उडाला असेल. अगो, मी भोंगा वाजवला होता. देवाशपथ!"

मी नक्कल घडी घालून ठेवली.

मोटार रात्री आमच्या दारात असते, आळीतली पोरं भोंगा वाजवत बसतात, म्हणून हे रोज रात्री तो गोळा काढून घरात आणतात. काल शेटजींचा गडी बोलवायला आला, हे तसेच धावले. गोळा घरीच, आणि तो दाबल्याशिवाय भोंगा वाजत नाही. दिवसभर आमची छोटी चिमी तो दाबून तोंडावर वारा घेत होती. ह्यांना खरंच आठवत नाही? की आठवतंय?

उद्या फौजदार जबानी घ्यायला घरी येणार. गोळा मी फडताळात ठेवून कुलूप लावलंय.

पण चिमी मघापासून फडताळाकडेच बोट दाखवून रडतेय. उद्याही दाखवील.