तीन नंबरच्या शेडचा दिवा

७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र एकटीने वाच आणि वाचून फाडून टाक. शेडकडे मोबाइलला रेंज नाही, ऑफिसचा फोन आत्याच्या कोपराशी असतो आणि ऑफिसचं ई-मेलही तीच आधी उघडते. म्हणून कागदावर लिहितो आहे.

अळंबीच्या शेडचे पंखे आणि फवारे चालवणारा जुना संगणक गेल्या महिन्यात कायमचा बसला. त्याचं सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नाही आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. आत्याचे जावई म्हणाले की मोठ्या कंपनीला बोलवा, खरा सर्व्हर बसवा. मी म्हणालो, मी करतो. आत्याने जावयांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कर म्हणाली. शाळा अर्धवट सोडलेल्या भाच्यावर तिने जावयासमोर विश्वास टाकला, हे तू लक्षात ठेव, म्हणजे माझी झोप का उडाली ते कळेल.

मी दुकानातून घरगुती संगणक आणला, पोरं खेळायला घेतात तसला, आणि त्यावर सर्व्हरवाल्यांचं सॉफ्टवेअर चढवलं. आता त्या एका पेटीत तीन आभासी संगणक राहतात. एक पंख्यांचा, एक हिशेबाचा, एक वजनकाट्याच्या लेबलांचा. प्रत्येकाला वाटतं की घरात आपण एकटेच. बाबांना हे समजावलं तर म्हणाले, म्हणजे एका खोलीत तीन बिऱ्हाडं आणि नळ एकच, भांडणं होणारच. सॉफ्टवेअरने आधी नाक मुरडलं. या पेटीतलं नेटवर्कचं कार्ड त्याला ओळखताच येईना. शेवटी भंगारातल्या सर्व्हरचं कार्ड काढून बसवलं, तेव्हा कुठे ते मुकाट्याने चालू झालं.

शिवाय मी एक नवी सोय केली. खतातून निघणारा वायू शेडमध्ये कोंडला की माणूस गुदमरतो, म्हणून आत जाताना गळ्यात हवामापक अडकवायचा नियम होता. त्याचा पट्टा सगळ्यांना टोचायचा. आता प्रत्येक दाराशी आतून-बाहेरून दिसेल असा दिवा आहे. हवा चांगली असेल तर हिरवा, नसेल तर लाल. हवामापक आता खिळ्याला टांगलेले असतात. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली की पोराने डोकं चालवलं.

आता दुखणं. पेटी अधूनमधून गोठते. पडदा तसाच राहतो, कळ दाबली तरी ढिम्म हलत नाही. मी गुपचूप बंद करून पुन्हा चालू करतो. मजा म्हणजे काम जोरात असतं तेव्हा ती कधीच गोठत नाही. सोमवारी शेडला सुट्टी असते, तेव्हाच गोठते. मेमरी तपासली, उष्णता तपासली, सगळं ठीक. तू रोज खऱ्या सर्व्हरमध्ये वावरतेस, तूच सांग. पण आत्याला कळता कामा नये, तुला माझी शपथ.

बाकी बाबा बरे आहेत. तीन नंबरच्या शेडमध्ये अळंब्यांचे देठ लांबलेत आणि टोप्या बारीक राहिल्यात, त्यामुळे कुरकुरतात. बी खराब असेल, असं त्यांचं मत.

मी घाबरट आहे हे जाणूनच आजवर माया केलीस, तशीच पुढेही कर.

तुझा
धाकटा


१२ मार्च

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. इतकं नीटनेटकं पत्र, एकही खाडाखोड नाही, फाडायला हात धजेना. शंभर वेळा तपासणारा तू, पण नेमकं एक ठिकाण तपासायचं राहिलंय. ते खाली लिहिते, आधी पेटीचं.

तुझी पेटी कामाने मरत नाही, आरामाने मरते. घरगुती प्रोसेसरला काम नसलं की तो वीज वाचवायला गाढ झोपतो. आमच्याकडच्या सर्व्हरना अशी झोप आम्ही लागूच देत नाही. तुझ्या सॉफ्टवेअरखाली तो झोपतो आणि मग उठतच नाही. सोमवारी हिशेब नाही, लेबलं नाहीत, मग झोपणारच. संगणक सुरू होताना जी सेटिंगची पाटी उघडते, तिच्यात प्रोसेसरची गाढ झोप बंद करायची सोय असते. ती बंद कर. वीज थोडी जास्त जाईल, जाऊ दे. आणि हेही ऐकून ठेव की घरगुती मेमरी स्वतःच्या चुका तपासत नाही. घरच्या स्कूटरला ट्रॉली जोडलीस तर ती ओढेल, पण चढावर हात जोडायची तयारी ठेव.

आता ते राहिलेलं. देठ लांबले आणि टोप्या बारीक झाल्या म्हणजे हवा कोंडली होती. बी खराब नाही. हे बाबांनीच आपल्याला लहानपणी शिकवलं होतं, आणि तेच विसरले, कारण आता हवेचं बघायला दिवा आहे. मग मला सांग, हवा कोंडली होती तेव्हा तो दिवा लाल झालेला कुणी पाहिला का? पेटी गोठल्यावर पंखे थांबतात. दिव्याचं काय होतं? विझतो, की शेवटचा रंग धरून बसतो?

याचं उत्तर पत्राने पाठवू नकोस. हे लिहायच्या आधी मी फोन केला होता. आत्याने उचलला आणि तू बाहेर गेल्याचं सांगितलं. तुझ्या शपथेमुळे जीभ चावली आणि फक्त फोन करायला सांग म्हणाले. आता वाटतं, बोलायला हवं होतं. सोमवारपर्यंत तुझा फोन आला नाही तर शपथ गेली उडत, मी आत्याला सगळं सांगणार. तोवर सगळ्यांच्या गळ्यात हवामापक परत घाल. पट्टा टोचला तर टोचू दे.

रागावले आहे, पण जीव तुझ्यातच अडकला आहे, हे न लिहिताही तुला कळतं.

तुझी
ताई


१६ मार्च, सोमवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच की बाबा जिवंत आहेत. आता बाकीचं.

तुझा निरोप आत्याने त्याच दिवशी दिला होता. ती समोर बसली होती म्हणून मी फोन केला नाही. उद्या करू, परवा करू, असं चाललं होतं. आज पोस्टमनने फाटकात पत्र दिलं आणि मी उभ्या उभ्या वाचलं. दिव्याच्या ओळीपाशी आलो आणि ती ओळ पुन्हा वाचली. पंख्यांना दर थोड्या वेळाने संगणकाचा हुकूम लागतो, हुकूम आला नाही की ते थांबतात. दिवा मात्र शेवटचा हुकूम धरून बसतो. हे मला माहीत होतं, ताई. दोन्ही गोष्टी मीच जोडल्या होत्या. फक्त शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या.

ऑफिसात धावलो. पडद्यावरचं घड्याळ थांबलेलं. खिडकीतून तीन नंबरचा दिवा दिसत होता, हिरवागार. आणि खाली दाराबाहेर बाबांच्या चपला.

सुट्टीच्या दिवशी त्यांना घरी बसवत नाही, हे तुला सांगायला नको. खिळ्यावरचा हवामापक ओढला आणि दार उघडलं, तर तो हातातच किंचाळायला लागला. तोंडाला रुमाल बांधला, त्याचा उपयोग नसतो हे माहीत असूनही. बाबा मधल्या रांगेत पालथ्या क्रेटवर बसले होते, डोकं मांडणीला टेकलेलं, हातात सुरी तशीच. हाक मारली तर डोळे उघडले, पण मला ओळखल्यासारखं वाटलं नाही. काखेत हात घालून त्यांना ओढत आणलं. माझंही डोकं गरगरत होतं. दाराच्या उंबऱ्यावर दोघंही पडलो.

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर मला बोलावण्यात अर्थ नव्हता.

बाबा शुद्धीवर आल्यावर मी त्यांना विचारलं, की डोकं दुखायला लागलं तेव्हाच बाहेर का नाही आलात? इतकी वर्षं तुम्ही नुसत्या वासावरून हवा ओळखता. ते म्हणाले, दुखत होतं, श्वासही जड झाला होता. म्हणून मागे वळून दाराकडे पाहिलं. दिवा हिरवा होता. तू लावलेला. वाटलं, दिवा बरोबरच असणार, आपलंच वय झालं.

ताई, ते हे अगदी साधेपणाने म्हणाले. मी उठून बाहेर जाऊन बसलो.

आत्या बाजारात गेली होती, आता येईल. तुझा फोन तिला येण्याआधी मला तिच्याशी बोलायचं आहे. बाबांनी मला जवळ बोलावून सांगितलंय, की तिला सांग, बाप उपाशीपोटी आत गेला आणि चक्कर आली. डॉक्टरांनाही त्यांनी गळ घातली आहे. म्हणतात, झोपेचं ते बटण आज बंद करून टाक, मग पुन्हा होणारच नाही, उगाच पोराचं नाव कशाला खराब करायचं? बटण मी बंद केलं आहे. पेटी आता बहुधा गोठणार नाही. खोटं पचेल, ताई. तेच भयंकर आहे.

फाटक वाजलं. पत्र इथेच थांबवतो. माया ठेव असं आज कोणत्या तोंडाने लिहू, म्हणून लिहीत नाही.

धाकटा


२५ मार्च

चि. मोठीस,
अ. उ. आ. वि. वि.

मला लिहायची सवय नाही, तेव्हा मोजकंच लिहिते.

तू फोनवर रडलीस, त्या वेळी मला सगळं आधीच कळलेलं होतं. तुझा भाऊ त्याच्या आधी येऊन उभा राहिला होता. तो पहिल्यापासून सांगत होता आणि मागच्या खाटेवरून माझा भाऊ ओरडत होता, की पोरगं भ्रमिष्ट झालंय, मी उपाशी होतो. मी दोघांनाही गप्प केलं. मग खूप बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पंख्यांचं काम मी त्याच्याकडून काढून घेतलं. जावईबापू म्हणतात ती कंपनी येऊन बसवून गेली. हिशेब आणि लेबलं त्याच्या पेटीवर चालू आहेत, तिथे कुणाचा जीव जात नाही. तू त्याची रदबदली करू नकोस, त्याने स्वतः केली नाही. उलट कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याच्या मागे मागे हिंडला आणि म्हणाला, आता तुमचं यंत्र बंद पाडून दाखवा. त्या माणसाला राग आला. याने हट्ट सोडला नाही. शेवटी मीच जाऊन त्या यंत्राची वायर उपटली. सगळे दिवे लाल झाले, तेव्हा कुठे हा खाली बसला.

आता तो तीन नंबरमध्ये तोडणीला आहे, बापाच्या रांगेत. हात हळू चालतो, देठ नको तिथे कापतो, बाप शिव्या घालतो. पण सकाळी दार उघडलं की हा बापाला बाहेर उभं करतो आणि आधी एकटा आत जातो. रांगेच्या टोकापर्यंत जाऊन तिथून हाक मारतो. बाप म्हणतो, नवरीसारखं उंबऱ्यावर ताटकळवतोस मला रोज. तरी हाक येईपर्यंत पाऊल उचलत नाही.

जमलं तर येऊन जा. दोघंही तुझी वाट पाहतात आणि दोघंही कबूल करत नाहीत. तुझ्या आत्याचा ओलावा एवढाच, तो गोड मानून घे.

तुझी
आत्या