दाजींचं लायसन्स

वाकोला,
११ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुबोध दाजी,

सप्रेम जयभीम. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. दीप्तीताईच्या हाताचं प्लास्टर परवा निघालं, पण ती अजून महिनाभर आमच्याकडेच राहील. फोन करणार होतो. पण तुमचा आवाज ऐकला की मी आपोआप 'हो दाजी, हो दाजी' करायला लागतो, म्हणून लिहितोय.

नव्या गाडीचा फोटो मिळाला. साडेसहाशे सीसी! हार झकास आहे. खाली तुम्ही लिहिलंय, 'जुनीत दमच नव्हता.' नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. तुम्ही तर नवीन अंगणच विकत घेतलंत.

दाजी, बोरीवलीत सोसायटीच्या गेटसमोर तुम्ही ताईला घेऊन पडलात, तेव्हा गाडी चालत्या माणसाच्या वेगाने वळत होती. हँडल वळलेलं असताना तुम्ही पुढचा ब्रेक आवळलात. बास, एवढंच. त्यात दमाचा काय संबंध? मी अकरा वर्षं शंभर सीसीवर लोकांची पार्सलं पोचवतोय. आमच्या गल्लीत रिक्षा आणि हातगाडीच्या मधून निघताना इंजिन कितीही मोठं असलं तरी उपयोग नसतो. नजर वळणाच्या पलीकडे ठेवायची, क्लच अर्धा सोडायचा, मागचा ब्रेक हलकाच दाबायचा. तुम्ही पुढच्या चाकाकडे बघत बसता, आणि लोकांनी तुमच्याकडे बघावं म्हणून सायलेन्सर बदलता.

काल ताईला तुमचा मेसेज आला, 'रविवारी जुहूला राइड! हात बरा झाला ना आता?' तिने मला विचारलं, "धम्मा, ह्यांना गाडी येते ना रे नीट? लायसन्स तर पहिल्या फटक्यात मिळालं होतं."

मला जेवण गेलं नाही.

तुमच्या लायसन्सच्या टेस्टच्या दिवशी, आधी सराव म्हणून गाडीने आठचा आकडा काढताना तुम्ही पाच वेळा पाय टेकलात. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले, जावयाला तोंडावर 'तुम्हाला येत नाही' कोण म्हणणार? तुम्ही म्हणालात, "हेल्मेटमध्ये कोण ओळखतंय? तूच जा ना यार." आणि मी गेलो. तुमचं जॅकेट, तुमचं हेल्मेट घालून पाय न टेकता आठ काढून आलो. बाहेर तुम्ही उसाचा रस पाजलात आणि मी हसत हसत प्यायलो. तुमची मला कीव येते, दाजी. पण तो रस पिणाऱ्याची किळस येते. ताईचं मनगट तुम्ही मोडलंत, पण तिला तुमच्या मागे मी बसवलं.

आज सकाळी हे सगळं तिला सांगितलं. ती चप्पल घालून खाली गेली. तासाभराने आली आणि म्हणाली, "हात पूर्ण बरा झाला की मला तुझ्या गाडीवर शिकव. आणि माझ्या टेस्टला तू गेटच्या बाहेर थांबायचं."

रविवारी ती येणार नाही. जुहूला येईल तेव्हा स्वतः चालवत येईल, आणि तुमच्यासाठी येईल की नुसती समुद्र बघायला, ते मी विचारलेलं नाही.

तुमच्या नावावर पास झालेला,
धम्मपाल