टाळ्यांच्या जागी शांतता छापण्याबाबत

दिनांक : २१ एप्रिल १८७४

प्रति,
माननीय मुख्य कार्यवाह,
राज्य विधानसभा, राजधानी.

विषय : कार्यवृत्ताच्या पृष्ठ ३१२ वरील ‘प्रचंड टाळ्या’ हे शब्द वगळून तेथे शांतता छापण्याबाबत.
संदर्भ : १२ फेब्रुवारीची बैठक, माझे यापूर्वीचे दोन अर्ज (अनुत्तरित).

महोदय,

भिंतीवरील घड्याळाप्रमाणे ती शांतता त्रेचाळीस सेकंद टिकली. सभागृहाचा लघुलेखक या नात्याने मी कागदावर पेन्सिल टेकवून बसलो होतो. शेगडीतला कोळसा ढासळला, तेवढाच आवाज. कोणी खोकलेदेखील नाही. लघुलिपीत शांततेला चिन्ह नाही, म्हणून मी तीन ओळी कोऱ्या सोडल्या.

२. कारण असे की, माननीय सदस्य कर्नल फिलांडर हॅस्कल युद्धातील आपल्या त्यागाविषयी बोलत असता, प्रेक्षक-सज्जातून पिंपे बांधणाऱ्याची विधवा मिसेस टेम्परन्स लॅथ्रप उभ्या राहिल्या व म्हणाल्या, “कर्नलसाहेब, लढाईला जायची चिठ्ठी तुमच्या नावाची निघाली, अन् तुमच्या जागी गेला माझा नवरा, एनॉक. परत आला नाही. चौकातल्या स्मारकावर त्याचं नाव घालाल का हो?”

३. कर्नलसाहेबांची कारकीर्द थोर आहे, याबद्दल अर्जदारास शंका नाही. त्यांचा जन्म ओंडक्यांच्या झोपडीत झाला. ही झोपडी त्यांच्या वयाच्या एकतिसाव्या वर्षी, पहिल्या निवडणुकीच्या मिरवणुकीसाठी, चाकांवर बांधण्यात आली. कालव्याकाठी त्यांनी खेचरे हाकली, एकूण अकरा दिवस. त्यांनी पक्ष तीन बदलले. प्रत्येक वेळी पक्षानेच तत्त्व सोडले होते. कर्नल ही पदवी त्यांना गव्हर्नरांच्या स्वागतसमारंभाच्या व्यवस्थेबद्दल मिळाली. बदली शिपाई पाठवण्याची सोय तर कायद्यातच होती. यांपैकी कशाबद्दलही तक्रार नाही.

४. तक्रार पृष्ठ ३१२ ची आहे. छापखान्याचे मिस्टर बर्डसॉल यांस विचारता ते म्हणाले, “अहो विंगेट, कोऱ्या जागेत अक्षरांचे खिळे उभे राहत नाहीत, कोसळतात. कर्नलसाहेबांसाठी ‘प्रचंड टाळ्या’ आम्ही कायमच दोऱ्यानं बांधून ठेवलेल्या असतात. उचलल्या, बसवल्या. कुणाचं काय बिघडलं?”

५. बिघडले ते असे. स्मारक समितीच्या मते पलटणीतली ती जागा कर्नलसाहेबांची असून त्यांचे नाव यादीत अग्रभागी आहे. एका जागेवर दोन नावे कोरता येत नाहीत. एनॉक यांच्यासंबंधी छापील सरकारी पुरावा दाखवल्यास मात्र विचार होईल. असा पुरावा पृष्ठ ३१२ हा एकच होऊ शकला असता. तेथे आता टाळ्या आहेत. पाथरवट एक मे रोजी छिन्नी लावणार आहे.

६. सज्जातील आवाज छापू नये, हा नियम अर्जदारास ठाऊक आहे. परंतु प्रश्न सज्जातला असला, तरी शांतता सन्माननीय सदस्य कर्नलसाहेबांची होती. ती सभागृहात, त्यांची बोलण्याची पाळी असता, उभ्याने पाळली गेली. सबब ती कार्यवृत्ताचा भाग आहे. आणि ती कशामुळे पडली हे न सांगता छापल्यास वाचकास छपाईचा दोष वाटेल. तरी प्रश्न व शांतता दोन्ही छापण्याचा हुकूम व्हावा. खिळे कोसळत असल्यास तीन ओळी रेघांनी भराव्यात. मूळ टिपण सोबत जोडले आहे.

७. छापील पान मी मिसेस लॅथ्रप यांना त्यांच्या ओसरीवर वाचून दाखवले. त्या घेवडा निवडत होत्या. “टाळ्या?” त्या म्हणाल्या. “मग मीच बहिरी झाले असेन त्या दिवशी.” आणि खडा शोधावा तशा बराच वेळ ताटात बोटे फिरवत राहिल्या. महोदय, एवढी वर्षे मी इतरांचे शब्द टिपले. त्या ताटावरचा बोटांचा आवाज कोणत्या लिपीत उतरवावा, हे मला कळले नाही.

८. काल दुपारी विधानभवनाच्या जिन्यावर मी हीच विनंती आपणांस तोंडी केली होती. एनॉक लॅथ्रप हे नाव मी दोनदा, स्पष्ट उच्चारले. आपण हातमोज्याची गुंडी लावली, माझ्या खांद्यावरून घड्याळाकडे पाहिले, आणि जिना उतरून निघून गेलात.

आपल्या लेखी उत्तरासाठी तिष्ठत असलेला,
ओबेड विंगेट
लघुलेखक