फुमिकोची होडी

१८ जुलै
इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या निखिलचा फोन. "काकू, तुमच्या शेजारच्या जपानी आजी पिकनिकला बोलणार ते छानच. पण बॉम्बचं नको हं, फॅमिली इव्हेंट आहे. त्यांना ओरिगामी शिकवायला सांगू या?"
फुमिकोने लहानपणी हिरोशिमात जे पाहिलं, त्याबद्दल ती इतक्या वर्षांत अवाक्षर बोलली नव्हती. यंदा आपणहून म्हणाली, मुलांना सांगायचंय, आठवतंय तोवर. आणि यांना कागदाचे पक्षी हवेत.
म्हटलं, "दर शिवजयंतीला याच मुलांसमोर अफझलखानाचा कोथळा काढता, तेव्हा घाबरत नाहीत ती?"
"काकू, ते वेगळं."
वेगळं!

१९ जुलै
फु.ला सांगताना मलाच लाज वाटली. तिने आधी नेहमीसारखा पाण्याचा ग्लास संपवला, मग हसत सुटली. "मला ओरिगामी येतच नाही. जन्मभर लोकांचे टॅक्स भरून दिले मी. फक्त होडी येते."
"मग येत नाही म्हणून कळवते."
"नको. हात गुंतले की मुलं ऐकतात."
बाई माझ्याहून बेरकी.

२६ जुलै
होडीचा सराव. तिची घडी आणि आपली घडी एकच. ती आणि धाकटा भाऊ अशाच होड्या नदीत सोडायची. बॉम्बच्या त्या सकाळनंतर त्याच नदीकाठी भाजलेली माणसं पाणी मागत पडली होती. भाऊही मागत होता. पाणी दिलं की मरतात, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आईने देऊ दिलं नाही. तरी गेलाच.
मी आपली आल्यागेल्याला देतात तसं तिला पाणी देत होते. ती थेंब न ठेवता पिते. मला वाटायचं, तहान.

३ ऑगस्ट
पिकनिक. फु.ने होडी करता करता सगळं सांगितलं, साध्या शब्दांत. निखिल मागे घड्याळ बघत उभा. तिने त्याच्या हातात कागद दिला, "घडी घाल." घातली. एकही मूल रडलं नाही. आया मात्र बटाटेवडे सोडून आल्या.
मग आठ वर्षांची इरा: "सो हू हॅज दॅट बॉम्ब नाऊ?"
फु. म्हणाली, "हा देश, अमेरिका. तुझ्या आजी-आजोबांचा देश, भारतसुद्धा. आणखीही आहेत."
"बट व्हाय?"
सगळे मंडळाच्या अध्यक्षांकडे बघायला लागले. आपल्या अणुचाचणीला पेढे वाटल्याचं हे गृहस्थ अजून कौतुकाने सांगतात. म्हणाले, "चला, पानं वाढलीत."
फु. इराला म्हणाली, "ते जेवून सांगतील."
जेवले. श्रीखंड दोनदा घेतलं. सांगितलं नाही.

६ ऑगस्ट
बॉम्ब पडला त्या तारखेला, म्हणजे आज, फु. दरवर्षी अंगणात भावासाठी पाणी ठेवते. या वेळी पेला मला भरायला सांगितला. काठोकाठ भरला.
विचारलं, "हे बॉम्ब जातील कधी?"
"जातील. माणसांनीच केलेत ना? मग माणसांना मोडताही येतील." टॅक्सचा हिशेब सांगावा तसं म्हणाली. पटलं मला.
दुपारी इराच्या आईचा फोन. होडी बाथटबमध्ये आहे, आणि पोरगी रोज विचारतेय, त्या अध्यक्ष-आजोबांचं जेवण झालं का. अध्यक्षांचा नंबर मिळेल?
दिला. घरचा आणि मोबाइलचा, दोन्ही.